शिक्का नसलेली पोच

आप्पा, तुमच्या शिक्क्याचा आवाज अजून कानात आहे. आधी शाईच्या पॅडवर मऊ, मग कागदावर ठप्प. डहाणू रोडच्या कचेरीत आयकराची विवरणपत्रं घ्यायच्या खिडकीमागे तुम्ही बसलेले, मी बाकावर उद्याची कविता पाठ करतोय. एक चिकूवाला शेठ पोच न घेताच निघतो. म्हणतो, "तुम्हाला ओळखतो ना मी." तुम्ही त्याला पायरीवरून मागे बोलावता. "ओळख माझी, शिक्का सरकारचा. शाई वाळल्याशिवाय खिडकी सोडायची नाय." ती ओळ मी कवितेबरोबरच पाठ केली. पुढे मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत विवरणपत्राच्या दोन प्रती लिहिल्या, दुसरीवर शिक्का घेतला आणि फुंकर घालून वाळवला.

आता खिडकीच नाही. यंदा सूनबाईने सगळं संगणकावर भरलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा म्हणजे झालं." आकडे कुणालाही सांगू नका, असं बँकवाले रोज बजावतात. मी म्हटलं, "तुलाच कशाला हवेत?" ती हसली, मी नाही हसलो. मेसेज पुसला, पडद्यावरचा कागद छापून घेतला आणि कचेरीत गेलो. तिथल्या कारकूनबाई म्हणाल्या, "आजोबा, याच्यावर शिक्का नाय मारत आता. घरात कोणी शिकलेलं असेल, त्याचं ऐका." घरी येऊन मी सुनेलाच विचारलं, "तू त्यांना आधीच फोन करून ठेवला होतास काय?" ती दुसऱ्या दिवशी तलासरीला माहेरी निघून गेली. त्याला आठवडा झाला. मुलगा जहाजावर, त्याला काय सांगू?

आकड्यांशिवाय विवरणपत्र भरलेलं धरत नाहीत, आणि मुदत आज संपते. पण मुदतीचं राहू दे. ती परत आली नाही तर मी कुठल्या खिडकीशी उभा राहू? तिच्यावर माझा संशय नव्हता, असं लिहिणार होतो. होता, आप्पा. म्हणून तर फोन करवत नाही.

कडी वाजली. या वेळी कोण? दार उघडलं तर तीच, खांद्याला पिशवी. "बाबा, आज शेवटचा दिवस. नवे आकडे येतील. तुम्हीच वाचा, तुम्हीच दाबा. मी बघत नाय."

पत्र इथेच राहू दे. ती खरंच भिंतीकडे तोंड करून उभी आहे.