पहिल्या धड्याची जुनी प्रत

प्रिय दादा,

हे पत्र तू अर्ध्यात सोडणार नाहीस असं धरून चालते. तुझा घरचा पत्ता माझ्याकडे नाही, हा ईमेल तेवढा आहे. तू उत्तर देत नाहीस, पण पाठवलेलं परतही येत नाही. तेवढ्या आधारावर लिहिते आहे. आधी कामाचं सांगते. बाबांच्या वेबसाइटवरचा पहिला धडा, पंपाची मोटर उघडण्याचा, जो तू ऐकतोस, तो मला आज सगळ्या ठिकाणांहून पुसायचा आहे. त्यात एक चूक आहे आणि तिच्यापायी एखाद्याचा जीव जाऊ शकतो. हे पत्र पाठवलं की मी एक बटण दाबणार, आणि तो धडा तुझ्या शहरातूनही जाणार. तू ऐकतोस हे हिला कसं कळलं, म्हणून भुवया उंचावू नकोस. सगळं सांगते.

तू गेलास त्यानंतर दुकानात बाबांच्या हाताखाली कुणी टिकलं नाही. माणसं यायची, महिनाभर तारा गुंडाळायची आणि जायची. बाबा म्हणायचे, यांना मोटर दिसते, मोटरचा जीव दिसत नाही. माझं कॉलेज संपलं, वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात नोकरी लागली, आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, की बाबांच्या बोटांत जे आहे ते त्यांच्याबरोबर संपता कामा नये. तुला माझी भाषणं पाठ आहेत. शिकलेलं सगळ्यांना मिळालं पाहिजे, असं मी ताटावर बसून म्हणायचे आणि तू टाळ्या वाजवून म्हणायचास, मास्तरीणबाई, आता चहा टाका. तर मास्तरीणबाईंनी चहा टाकला आणि दुकानात कॅमेराही लावला. बाबा पहिल्या दिवशी नवा शर्ट घालून बसले. आईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, लग्नात एवढा भांग पाडला असता तर फोटो तरी बरा आला असता.

धडे चांगले झाले. आपली भाषा बोलणारी, पोटासाठी कुठेकुठे पांगलेली माणसं ते बघायला लागली. पण तक्रार एकच. दूरच्यांकडे धडा चालायचाच नाही. बाबा तोंड उघडायचे आणि तसेच थिजायचे, पडद्यावर गोल चक्र फिरत राहायचं. आपली वेबसाइट एकाच शहरातल्या एका यंत्रावर होती, आणि समुद्रापलीकडच्या माणसालाही प्रत्येक धडा तिथूनच ओढून न्यावा लागायचा. मग मी ऑफिसात शिकलेली सोय आपल्या घरासाठी केली. तिला सीडीएन म्हणतात. नाव विसरलास तरी चालेल. एक कंपनी असते, तिची जगभर शहराशहरांत यंत्रं असतात, आणि आपल्या धड्यांच्या प्रती ती त्या यंत्रांवर ठेवते. बघणाऱ्याला त्याच्या सगळ्यात जवळच्या यंत्रावरून प्रत मिळते, मूळ जागेपर्यंत जावं लागत नाही. बाबांना मी हे समजावलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, म्हणजे डेपो! आणि प्रत्येक डेपोत मी बसलेला? आई आतून म्हणाली, एक सांभाळताना माझी कंबर मोडली, आता शंभर. बाबा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. तेव्हाही त्यांचा घसा बसलेलाच असायचा. वायंडिंगच्या वार्निशचा वास, म्हणायचे, आणि गूळ चघळायचे.

चक्र थांबलं. लोकांनी कळवलं की धडा आता हात लावताच सुरू होतो. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! घरातली पहिली पदवी भिंतीवर टांगली होती त्यापेक्षा त्या दिवशी ती खरी वाटली.

आता तुझं. ही कंपनी आपल्याला एक तक्ता दाखवते. कोण बघतं ते त्यात नसतं, पण कुठल्या शहरातून काय मागितलं गेलं ते असतं. फिल्म सलग जात नाही, लहान लहान तुकड्यांनी जाते, आणि कुठला तुकडा जास्त मागितला जातो तेही कळतं. कुठे अडतंय ते शोधायला मी तो तक्ता बघते. शपथेवर सांगते, पाळत ठेवायला बघत नव्हते. त्यात एक शहर होतं जिथून बाकी कुणीच येत नाही, आणि तिथून एकच धडा मागितला जायचा, पहिला. सुट्टीच्या दिवशी, सकाळी. त्यातही बराचसा एकच तुकडा, पुन्हा पुन्हा. लेथवाल्या काकांचा मुलगा म्हणाला होता की तू त्याच शहरात आहेस. तरी मला पटेना. म्हणून तो तुकडा लावून पाहिला.

बाबा मोटरचं झाकण काढत असतात. बोलता बोलता मान वर न करताच म्हणतात, दादा, पक्कड दे रे. आणि क्षणभर थांबतात. मग स्वतःच वाकून पक्कड उचलतात आणि काही झालंच नाही असं पुढे बोलू लागतात. मी शूटिंग करत होते तेव्हा ते माझ्याही कानावरून गेलं होतं. नंतर ते कापायचं राहून गेलं.

तू समोरच्या नव्या मोटरींच्या दुकानात नोकरी धरलीस, आणि बाबांनी स्वतः नव्या तारा भरून दिलेली मोटर तिथल्या भंगारात पडलेली पाहिली, त्या दिवशी ते गिऱ्हाइकांसमोर तुला काय बोलले ते मी विसरलेले नाही. तूही त्यांना म्हणालास की आता कुणी दुरुस्त करत नाही, सगळे बदलतात. दोघांनी हातचं काही राखलं नाही. मी मधे पडले नाही, माझी परीक्षा होती आणि मी लहान होते. आज कुणाचं बरोबर ते ठरवायला लिहीत नाही. एवढंच, की आपल्या दुकानात बाबांनी तुझ्याशिवाय आजवर कुणालाही दादा म्हणून हाक मारलेली नाही.

तर त्या धड्यातली चूक. बाबा म्हणतात, स्विच बंद केला, पिन बाहेर काढली, की मोटर मेली, आता खुशाल हात घाला. आणि कंडेन्सर? पिन काढल्यावरही त्यात वीज साठलेली राहते, हे तुला मी सांगायला नको. बाबा दर वेळी होल्डरचा दिवा त्याच्या दोन टोकांना लावतात, दिवा भपकन पेटून विझतो, मगच पुढे जातात. त्या धड्यातही त्यांनी ते केलं होतं. पण मी कॅमेरा चेहऱ्यावर धरला होता. मला वाटायचं, शिकवणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. त्यामुळे हाताने केलेलं फिल्मबाहेर राहिलं आणि तोंडाने सांगितलेलं तेवढं जगभर गेलं. हाताला इतकं सवयीचं होतं की तोंडाला ते सांगावंसं वाटलं नाही.

एका बाईंनी लिहिलं. घरीच पंप दुरुस्त करतात, मुलं शाळेत गेली की. धड्यात सांगितल्याप्रमाणे हात घातला आणि मागे फेकल्या गेल्या. मनगट दुखावलं, तेवढ्यावर निभावलं. त्यांनी रागाने लिहिलं नव्हतं, आपलंच काही चुकलं का असं विचारलं होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते जेवत होते, उठले आणि हात धुऊन दुकानात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला खुणेने बोलावलं आणि पाटीवर लिहिलं: धडा पुन्हा करायचा.

केला. या वेळी कॅमेरा फक्त हातांवर. चेहरा नाहीच. दिवा लावायची वेळ आली की ते टेबलावर दोनदा बोटं आपटतात, बघा म्हणून, मग दिवा लावतात, विझेपर्यंत थांबतात, आणि पुन्हा एकदा लावून दाखवतात की आता पेटत नाही. खाली ओळी मी लिहिल्या आहेत. माझ्या आवाजात वाचून जोडते म्हटलं तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. झाकणापाशी आल्यावर त्यांचा उजवा हात बाजूला गेला, तळवा वर करून तसाच राहिला. मी कॅमेरामागे उभी होते, हलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी पक्कड स्वतःच घेतली. शूटिंग झाल्यावर मी विचारलं, एवढं कापू का? राहू दे, अशी खूण केली.

नवा धडा चढवला आणि मी निर्धास्त झाले. इथेच माझं शिक्षण आडवं आलं. धड्याच्या फिल्म काही बदलत नाहीत, या हिशेबाने मी प्रतींना लांबची मुदत दिली होती. मुदत संपेपर्यंत ती दूरची यंत्रं मूळ जागी काही नवीन आहे का हे विचारायलाही येत नाहीत, जवळ आहे तेच देत राहतात. आणि नव्या फिल्मला मी जुनंच नाव दिलं होतं. मी तपासायला बघितलं ते थेट मूळ यंत्रावर, तिथे अर्थातच नवं दिसलं. आज सकाळी एकाने विचारलं, ताई, दिवा लावायचं कुठे सांगितलंय? मग मी मूळ यंत्र सोडून बाकीच्यांना मिळते ती प्रत लावून पाहिली. जगभर अजून जुनंच चाललं आहे. धड्याच्या पानावर मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना लगेच लावली, पण फिल्मची लिंक जपून ठेवलेले तुझ्यासारखे लोक पानावर येतच नाहीत. सगळीकडच्या प्रती एका बटणाने पुसता येतात. ते सकाळीच दाबायला हवं होतं. बोट तिथवर गेलं आणि मला तुझी सुट्टीची सकाळ आठवली.

म्हणून आज दुकानात जाऊन बाबांना पहिल्यांदाच सांगितलं, की दादा हा धडा लावतो. आणि तोच तुकडा लावतो. त्यांनी हातातली तार खाली ठेवली. बराच वेळ दारातून रस्त्याकडे बघत राहिले. आई म्हणाली, दोन दिवस राहू दे गं, तेवढ्याने काय होतंय? मीही तिला अडवलं नाही, कारण मला तेच हवं होतं. मग बाबांनी पाटी ओढली. लिहिलं: पुस. त्याला माझा हात माहीत आहे. बाकीच्यांना नाही. आई पाटीकडे बघत राहिली आणि पदराने डोळे पुसून आत गेली. मी एवढंच म्हटलं की आधी दादाला कळवते, मग दाबते. त्यांनी मान डोलावली, आणि घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हणजे लवकर.

आता जे लिहायला बसले आणि एवढा वेळ टाळलं ते लिहिते. तो वार्निशचा वास नव्हता, दादा. उन्हाळ्यात बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, डॉक्टर म्हणतात आता जिवाला धोका नाही, पण तिच्याबरोबर आवाजाची पेटीच काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी त्यांनीच मला बजावलं होतं, त्याला कळवू नकोस, परमुलखात एकटा आहे, कामात लक्ष लागायचं नाही. ते बोललेल्या शेवटच्या गोष्टींपैकी ती एक. ती मी आज मोडते आहे. तुझा तुकडा कापून या पत्राला जोडला आहे. त्यात विजेचं काही नाही, कुणाला त्याने इजा होणार नाही, तो तुझ्याजवळ राहू दे. घरी ये असं बाबांनी सांगितलेलं नाही, मीही तो भार तुझ्यावर टाकत नाही, दार मात्र तुझ्यासाठी कधी लागलेलं नव्हतं. हे लिहायचं कारण एवढंच, की येत्या सुट्टीला तू नेहमीप्रमाणे धडा लावशील. तो लगेच सुरू होईल, अजिबात अडणार नाही, आणि त्यातून बाबांचा आवाज येणार नाही. तेव्हा मोबाइल बिघडला असं समजू नकोस. आवाज वाढवत बसू नकोस. बंद करू नकोस. नुसता बघ, शेवटपर्यंत. आता मी बटण दाबते.

तुझीच,
मास्तरीण