अपघाताविना दिवस

सोमवार, १ सप्टेंबर. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. या महिन्यात मोठी कामगिरी आहे: कुटुंबाला फुलं दाखवणे. डोंगरावरचं पठार, वर्षातून जेमतेम तीन आठवडे फुलतं. पाच तासांचा रस्ता. आपली गाडी, ड्रायव्हर आपणच. बुकिंग झालं. शनिवार २०, दुपारी दोन ते पाच. मी, बायको, मुंगी (मुलगी, वय नऊ) आणि मेहुणा. मेहुण्याला बायकोने घुसवलं.
गेल्या वर्षीही ठरलं होतं. पोचलो नाही. कारण टोलनाक्यावरचा माणूस. त्याचं बोट आता बरं आहे असं ऐकतो. विषय बंद.
संकल्प: १) सगळा प्लॅन लेखी. २) रोज दहा मिनिटं दीर्घ श्वास. ३) शांत राहणे. तिसरा उगाच लिहिला. मी मुळात शांतच आहे.

संध्याकाळी ७.
मेहुणा आला. म्हणाला, दाजी, ड्रायव्हर ठेवू या, म्हणजे तुम्हालाही फुलं बघता येतील. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी त्याला एक शब्द बोललो नाही. हातातला मग भिंतीवर फुटला. कॉफी होती. मेहुण्याच्या कानापासून चांगली वीतभर लांब फुटला, तरी तो पांढराफटक.

मंगळवार, २ सप्टेंबर. सकाळी ७.
बायको एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. दिवसाला साठ माणसं. त्यामुळे तिचा आवाज कधी चढत नाही, आणि हेच मला आवडत नाही. मगाचे तुकडे सुपलीत भरता भरता तिने अट घातली. निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सलग दहा दिवस घरातलं-बाहेरचं काही फुटता कामा नये, कुणाला लागता कामा नये. नाहीतर ती आणि मुंगी माझ्या गाडीत बसणार नाहीत.
वर म्हणाली, तुमच्या कारखान्यातला तो फळा घरी लाव.
टोमणा होता. मी आव्हान समजून स्वीकारला. कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. गेटवर माझाच फळा: 'अपघाताविना दिवस'. आज २१४. हा आकडा काही आपोआप होत नाही. कुणाचं बोट कापलं तर ते 'किरकोळ'. डोक्याशेजारी पाइप पडला तर 'नियर मिस', म्हणजे थोडक्यात वाचला. दोन्ही धरत नाही. मात्र मी लबाड नाही. मॅनेजर सुट्टीचे दिवसही मोजायचा, ते मीच बंद पाडलं. कारखाना बंद तो दिवस धरायचा नाही. आत कुणी नसताना अपघात झाला नाही, यात कसली बहादुरी?
फ्रिजशेजारी फळा लावला. आकडा मुंगी लिहिणार, आणि ती लिहील तो बायकोला मान्य. मुंगीने मोठ्ठा ० काढला आणि त्याला पाकळ्या काढल्या.

शुक्रवार, ५ सप्टेंबर. संध्याकाळी ६.
फळा काल २ वर होता. आज ०.
रस्त्याची माहिती घ्यायला मोबाइलवर नकाशा लावून थोडा फिरलो. नकाशातली बाई एकाच चौकात चार वेळा म्हणाली, मागे वळा. पाचव्यांदा मोबाइल खिडकीतून गेला. मागून ट्रक होता.
मुंगीला सांगितलं, ती बाई माणूस नाही, तेव्हा लागलं कुणाला? मुंगी म्हणाली, पण मोबाइल फुटला ना. पुसला आकडा.
दीर्घ श्वास उद्यापासून. आज नाक चोंदलंय.

मंगळवार, ९ सप्टेंबर. सकाळी ९.
ऑफिसला उशीर. कारण दातांचा डॉक्टर.
हा वरच्या मजल्यावर राहतो. पार्किंगमध्ये त्याची गाडी माझ्या पट्ट्यात दीड इंच आत होती. टेपने मोजली. मी फक्त त्याचा वायपर उचलून बघितला, तो हातात आला. तेवढ्यात डॉक्टर खाली आला आणि माझी कॉलर धरली. चोराच्या उलट्या बोंबा. पुढे धक्काबुक्की. त्याचं डोकं त्याच्याच बॉनेटवर दोनदा आपटलं. वॉचमनने मला मागून मिठी मारली, त्यात डॉक्टरने एक ठोसा साधून घेतला.
रोज दात पाडणारा माणूस, पण माझा एकही पाडू शकला नाही. एक हलतोय फक्त. अडचण अशी की या भागात दातांचा डॉक्टर तोच.
मुंगी शाळेच्या बसची वाट बघत तिथेच उभी होती. बसमधल्या पोरांनीही सगळं बघितलं. त्यांना जरा मजा आली असेल.

संध्याकाळी ७.
पुन्हा ०. मुंगीने आज पाकळ्या काढल्या नाहीत. घाईत असेल.
हिशेब केला. उद्या १ धरला तर १९ तारखेला बरोबर १०. अजून एकही दिवस वाया जाता कामा नये. तसा तो जाणारही नाही. माझं कुणाशी वैर नाही.

रविवार, १४ सप्टेंबर. दुपारी १.
फळा काल ४. आज ५. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.
सकाळी एकट्याने ट्रायल घेतली. ताशी साठ, तब्येतीत. एक मोटरसायकलवाला डावीकडून घुसला आणि वळून माझ्याकडे बघितलं. हसला बहुधा. अंदाजे सहा किलोमीटर मी त्याच्या मागे, म्हणजे त्याच रस्त्याने, गेलो. पेट्रोल पंपावर तो थांबला. मीही थांबलो. त्याला सांगितलं की हसण्यासारखं काही नाही. सांगताना त्याची गाडी आडवी झाली आणि तो तिच्याखाली. मी परत गाडीत बसेपर्यंत तो उठला, हेल्मेट काढलं आणि माझ्या पुढच्या काचेवर घातलं. तीन वेळा. काच अख्खी माझ्या मांडीवर.
घरी आलो. मुंगी स्टुलावर उभी राहून चिमट्याने माझ्या केसांतले काचेचे तुकडे वेचत होती. बशीत टाकत होती. प्रत्येक तुकड्याचा टिंग आवाज. तेवढ्या वेळात मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. रक्त आलं का? नाही. म्हणजे हा अपघात नव्हे. हा नियर मिस. मोठमोठ्या कारखान्यांत असंच धरतात. ती म्हणाली, त्या काकांचा पाय पण अडकला होता ना? म्हटलं, ते किरकोळ.
तिने आणखी दोन तुकडे बशीत टाकले. मग खाली उतरून तिने ५ लिहिला. बायको ओट्याशी उभी होती. तिने फळ्याकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.
अट म्हणजे अट. मुंगी लिहील तो मान्य.

बुधवार, १७ सप्टेंबर. संध्याकाळी ६:३०.
नवी काच बसली. सामानाचा आराखडा तयार: घडीच्या खुर्च्या चार, टेबल, थंड पाण्याची पेटी, हवा भरायचा पंप, प्रथमोपचार, अग्निशामक सिलिंडर, दोरखंड. डिकीचा नकाशा स्केलने काढला. सेंटिमीटरसुद्धा वाया नाही.
टपावर कॅरियर बांधायला मेहुणा आला. पट्टा उलटा लावलाय म्हणाला. नव्हता. पुन्हा म्हणाला. वळताना माझं कोपर त्याच्या नाकावर लागलं. दोनदा वळावं लागलं. भरपूर रक्त. ताई ताई करून ओरडत होता, चाळिशीचा माणूस. बायकोने कापूस दाबून धरला, डोकं पुढे वाकवायला लावलं. हे तिचं रोजचंच काम.
मुंगी दारात मार्कर घेऊन उभी. मी तोंड उघडायच्या आत आत गेली आणि ८ लिहून आली. म्हणाली, किरकोळ ना, बाबा.
पोरगी हुशार आहे. एकदाच सांगितलं, सिस्टिम समजली. अभिमान वाटला. म्हणजे वाटायला हवा होता. जरा अपचन असावं.
(पट्टा उलटाच होता. सरळ केला.)

शुक्रवार, १९ सप्टेंबर. संध्याकाळी ७.
दहा! फळ्यावर दहा!
लोक म्हणतात, याच्या नाकावर राग. घ्या. बायकोला फळा दाखवला. ती म्हणाली, बघितला. रात्री लवकर झोप म्हणाली. तिच्या लायसन्सचा विषय निघाला. तिच्याकडे लायसन्स आहे, सराव नाही. सराव नाही, कारण मी गाडी देत नाही. गाडी देत नाही, कारण सराव नाही. यात चूक कुणाचीच नाही.
मुंगीने बारा रंगांच्या पेन्सिलींची पेटी काढून ठेवली आहे. पठारावर बसून फुलं काढणार म्हणते. निळी पेन्सिल टोक करून करून अर्धी केली. पेटी आराखड्यात नाही, पण मांडीवर घेईल.
फार पहाटे नव्हे, उजाडता उजाडता सहाला निघायचं. मेहुणा नाकाला पट्टी लावून येणार आहे.

शनिवार, २० सप्टेंबर. सकाळी ११.
डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला माफी.
सहाला सगळं खाली आणलं. आराखड्याप्रमाणे भरलं. डिकीचं दार लागेना. चार बोटं वर राहत होतं. सिलिंडर आडवा केला. लागेना. मेहुणा म्हणाला, एक खुर्ची काढू या. मी म्हटलं, आराखड्यात बसतं म्हणजे बसतं. दार आपटलं. परत आपटलं. बायको म्हणाली, थांब. तिसऱ्यांदा सगळी ताकद लावून आपटलं. लागलं.
आत काहीतरी कडाडलं.
मुंगी माझ्या कोपराशी उभी होती. उजवा हात छातीशी धरून. सामानात फट दिसली म्हणून ती पेन्सिलींची पेटी तिथे सारत होती. शेवटच्या क्षणी हात काढला. पेटीला तेवढा वेळ मिळाला नाही.
दार उघडलं. बाराच्या बारा पेन्सिली मोडल्या होत्या. पेटीचा पत्रा चपटा. तिची बोटं किती बारीक आहेत ते मला माहीत आहे.
ती रडली नाही. वर बघून तिने विचारलं:
"बाबा, हा नियर मिस धरायचा ना?"
मागच्या काचेवर बुक्की मारली. काचेला काही झालं नाही. हाताची दोन हाडं मोडली.
हॉस्पिटलला बायकोने गाडी नेली. मी मागे, डिकीतून काढलेल्या थंड पाण्याच्या पेटीवर हात ठेवून. एकदाही गाडी बंद पडली नाही. चढावर थांबवून पुन्हा उचलली, गाडी तसूभरही मागे आली नाही. मला हे जमत नाही. कुठे शिकली कोण जाणे. मुंगी पुढे बसली होती. गाडीत बसल्यावर ती नेहमी दाराची कडी घट्ट धरते. आज दोन्ही हात मांडीवर होते. कडी धरायची तिला सवय आहे असं मी समजत होतो.
प्लास्टर झालं. बायकोने मला घरी सोडलं. खुर्च्या, टेबल, सिलिंडर खाली उतरवून पार्किंगमध्ये ठेवले. डिकीचं दार एका बोटाने लागलं. नऊ वाजले होते. म्हणाली, आम्ही निघतो, दोनपर्यंत पोचू.
जाण्याआधी मुंगी वर आली. मार्कर घेतला, १० पुसला, ० लिहिला. मी सांगितलं नव्हतं. तिच्या आईनेही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी ६.
बायकोने फोटो पाठवले. फुलं गुडघ्याएवढी, निळी-जांभळी, नजर पोचेल तिथवर. मेहुणा नाकाच्या पट्टीसकट हसतोय. मुंगीने पेन्सिलीच्या तुकड्यांनीच चित्र काढलंय. चित्रात गाडी आहे, आई आहे, मामा आहे.
मी फोटो काढत असेन, म्हणून चित्रात नसेन. अशी पद्धत असते.

रविवार, २१ सप्टेंबर. दुपारी ४.
अजून आले नाहीत. बायकोचा मेसेज: आईकडे थांबतोय. कधी परत, ते विचारलं. उत्तर नाही. तिथे रेंज कमी असते. फोटोंना कशी काय मिळाली?
डॉक्टरच्या वायपरचे पैसे वॉचमनजवळ दिले. दात दुखतोय.

सोमवार, २२ सप्टेंबर. संध्याकाळी ७.
रजा टाकली. कारखान्यातून फोन. फळा २३० ला नेऊ का, मोल्डिंगमधल्या एकाचं मनगट भाजलंय, किरकोळ धरू ना? म्हटलं, धरू नका. शून्य करा. पलीकडून आकडा पुन्हा विचारून घेतला. मग विचारलं, साहेब, बरं आहे ना?
मुंगीच्या खोलीत गेलो. शाळेची बॅग खुंटीवर नाही. सुट्टीत अभ्यास करणार असेल, चांगली सवय. मग कपाट उघडलं. दोन्ही युनिफॉर्म नाहीत. शाळेचे बूटही नाहीत. फुलं बघायला युनिफॉर्म कोण नेतं?
आजीच्या घराजवळ शाळा आहे. चांगली आहे म्हणतात.
कॉफीचा मग मी फोडला. मोबाइल मी फेकला. कोपर मी मारलं, दोनदा. दार मी आपटलं. डाव्या हाताने लिहायला वेळ लागतो, म्हणून एवढंच.
स्वयंपाकघरात आलो. दोन दिवस या घरात काही फुटलं नाही. कुणी ओरडलं नाही. कुणाला लागलं नाही. मार्कर उचलला, २ लिहायला. टोपण दातांनी काढलं.
मग आठवलं. बंद असेल तो दिवस धरायचा नाही. नियम माझाच आहे. टोपण लावून मार्कर परत जागेवर ठेवला.