काच मी वाजवली, तेवढं कबूल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (कंबर वाकत नाही, म्हणून कागदावरच). तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण तुझ्या भाचीने तुला उलटंच कळवलं असणार. म्हातारा दमतो, म्हणून चौदा महिन्यांच्या नातीला पहिल्या तारखेपासून पाळणाघरात ठेवायचा घाट तिने घातलाय. मी दमतो म्हणे! तीस वर्षं शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसून परीक्षा घेतल्या, जीव मुठीत धरून, तेव्हा नाही दमलो.

म्हणून मीच नातीला उचललं आणि विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात गेलो. सांभाळणाऱ्या माणसाचा बाळाला किती लळा आहे, ते तिथे तपासतात. म्हटलं, पोरगी माझ्यावाचून राहत नाही, असं लेखीच आणतो. (लेखी असलं की तुझी भाची गप्प बसते.) खोलीत दोन खुर्च्या, खेळणी आणि भिंतीत मोठा आरसा. नियम असा, की टकटक ऐकू आली की ज्याची पाळी असेल त्या मोठ्या माणसाने मुकाट्याने बाहेर जायचं. आधी मी गेलो, आत एक अनोळखी बाई राहिली. मला आरशामागे उभं केलं, तिथून आतलं सगळं दिसतं. आणि ताई, कार्टी रडलीच नाही! दाराकडे एकदा बघितलं आणि लागली त्या बाईच्या हातातले ठोकळे ओढायला. माझं डोकंच फिरलं. अगं, इकडे बघ की, म्हणून मी काचेवर टकटक केली.

झालं! ती बाई नियमाप्रमाणे उठून चालती झाली आणि नात एकटी पडली. मग मात्र तिने असं भोकाड पसरलं, की मी दार ढकलून आत धावलो. तिने माझी विजार गुडघ्याशी घट्ट धरली, दोन हुंदके दिले, विजारीलाच नाक पुसलं आणि अर्ध्या मिनिटात परत ठोकळ्यांकडे!

आरशामागे वही घेऊन नोंदी करत बसलेल्या मुलीला मी सुनावलं, हा कसला लळा? तर म्हणते, "आजोबा, किती रडली यापेक्षा तुम्ही परत आल्यावर काय करते, ते आम्ही बघतो. तुम्हाला बघून निवांत झाली, खेळायला गेली. तुम्ही परत येता, हे तिला पक्कं ठाऊक आहे." बरं, मग तेवढं तरी लेखी द्या म्हटलं, तर म्हणे काच वाजवल्यामुळे प्रयोग बाद. असल्या वहीवाल्यांना मी भीक घालत नाही (मी स्वतः तीस वर्षं वहीवाला होतो). पाळणाघराच्या अर्जाला मी हात लावणार नाही, कुणी काहीही म्हणो.

तुझा न दमलेला धाकटा भाऊ

ता. क. अर्ज काल मीच भरला. ‘बाळाला न्यायला कोण येणार’ या रकान्यात फक्त माझं नाव आहे. तिथे दुसऱ्या कुणाला घुसू दिलं नाही.

ता. क. आणखी एक. पहिल्या तारखेला येशील का गं? पाळणाघरासमोर एक बाक आहे. ती दोन हुंदके देईल आणि खेळायला लागेल, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं मला सांगता येत नाही. तू नुसती शेजारी बस आणि माझा हात धरून ठेव. खिडकी वाजवू देऊ नकोस.