भुताचा श्वास

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज जे. पी. नगरच्या थेटरात माणसं तुमच्या श्वासावर पोट धरून हसली. तेच सांगायला बसले आहे.

यशवंतपूरला गोदामाच्या वर तुमची खोली होती, सिनेमांना आवाज देण्याची. पडद्यावरचा माणूस चालला की तुम्ही इथे वाळूच्या ट्रेमध्ये चालायचात, त्याचं हाड मोडलं की ओली काकडी मोडायचात. मी कॉलेजातून थेट तिथेच यायचे, बापाच्या हाताखाली शिकायला. एकदा भुतांची थट्टा करणारा सिनेमा आला. त्यात चेटकीण जिना उतरते, तर मी तिच्या पावलांना रबरी बदकाची पिकपिक लावली. खोलीतले सगळे हसले. तुम्ही ढिम्म. "काढ ते," म्हणालात. मी म्हटलं, "अण्णा, हसायचाच सिनेमा आहे की." "असू दे. हसवायला नट आहेत. आवाजानं घाबरवायचं. भूतच खोटं वाटलं तर थट्टा कुणाची करणार? सरी, परत कर." तुमचं ते कानडी "सरी" म्हणजे विषय संपला. मी गाल फुगवून जड, ओली पावलं करून दिली आणि हशा दुप्पट झाला. कौतुकाचा शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. डब्यातलं उरलेलं चित्रान्न तेवढं माझ्याकडे सरकवलंत.

मग तुमचं ते आजारपण. शेवटच्या दुपारी हॉस्पिटलात तुमचा श्वास बदलला. आत जाताना घशात पाणी खळखळतं, मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मी नर्सला हाक मारायला उठते, आणि तो पुन्हा येतो. मी एकटीच आहे, तुमचा हात धरून. माझा जीव तुटत होता, अण्णा, आणि कान मेले काम करत होते. सवय तुम्हीच लावलेली.

यंदा पुण्याहून आलेला एक तरुण दिग्दर्शक माझ्याकडे आला. त्याच्या सिनेमात मेलेले आजोबा सोफ्यामागे उभे राहून श्वास घेतात आणि घरचे टीव्ही बघत बसतात. मी केलेले सगळे श्वास त्यानं नाकारले. "मॅम, क्यूट वाटतंय. भीती मिसिंग आहे." शेवटी मी दार लावून घेतलं आणि माइकपुढे तुमचा श्वास घेतला. काचेपलीकडे त्यानं हेडफोन उतरवले. "हा कुठून आणलात?" "घरचा आहे," म्हटलं.

आज थेटरात तो घुमला. श्वास, मग ती शांतता. सगळं थेटर गप्प. मग पडद्यावरची सून मागे न बघता म्हणते, "मामंजी, स्वल्प हळू, सीरियल ऐकू येत नाही." लोक खदखदून हसले. मला वाटलं होतं, चीड येईल, उठून जावं लागेल. पण त्या दुपारी त्या शांततेत मी एकटी अडकले होते, आणि आज शेजारची अनोळखी बाईसुद्धा माझ्याबरोबर श्वास रोखून बसली होती.

हे पत्र घडी घालून कपाटात ठेवते. सिनेमा गुरुवारी थेटरातून उतरतोय, मी उद्याचंही तिकीट काढलंय. घरी कामाला जाते म्हणून सांगितलंय. विनोद काम करतानाच पाठ झालेत, त्यांच्यासाठी जात नाही. तिथे तुमचा श्वास थांबतो, अण्णा, आणि दर वेळी परत येतो.