चाळीसचे पाच कसे झाले

श्रीयुत भैय्यालालजी यांस,
भिंतीच्या अलीकडून वासुदेवचा नमस्कार.

आपली प्रकृती बरी असावी. (सकाळचा खोकला इकडे ऐकू येतो, पण बोलणे बंद असताना चौकशी कागदावरच केलेली बरी.) आमच्याकडे सर्व खुशाल. चहा मात्र चार दिवसांपासून एकट्यालाच प्यावा लागतो.

आता झाल्या प्रकाराबद्दल. आमच्या लेकीने, उर्वशीने, नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ पाठवला, चारशे एमबीचा. आमचे इंटरनेट सेकंदाला चाळीसचे, म्हणजे दहा सेकंदांत उतरायला हवा. घड्याळ घेऊन बसलो. लागली ऐंशी सेकंदे! तीस वर्षे पाणकर म्हणून तलावाचे पाणी गावाच्या धानाला सोडले मी. (धानाने कधी तक्रार केली नाही, मालकांनी केली ती वेगळी.) खाली पाणी कमी पोचले की वरच्या अंगाला कोणीतरी पाटाची पार फोडून पाणी वळवलेले असते, एवढे मला कळते. म्हणून वायरीच्या मागे मागे उलटा चालत निघालो. ती तुमच्या आंब्यावरच्या डब्यात गेलेली, आणि त्यातून एक फाटा थेट तुमच्या ओसरीत. पुढचे तुम्हाला पाठ असेलच. "माह्या हिश्शाचं नेट तू काहून पिऊन राहिला?" हे वाक्य मी परत घेतो. 'पाणचोर' हा शब्दही.

काल लाखनीहून कनेक्शनवाली रिता आली. ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "काकाजी, स्पीड बिटमधी मोजतेत अन् व्हिडिओ बाइटमधी. आठ बिटचा एक बाइट. चाळीसले आठनं भागा." भागले. पाच आले. पाचाच्या धारेने चारशे भरायला ऐंशीच सेकंदे लागतात. कोणी काही चोरले नव्हते. जन्मभर लोकांना मोजून पाणी दिले आणि घरचे माप कोणते, ते विचारायचे सुचले नाही. भैय्यालाल, मला फार लाज वाटते रे.

तुझा,
वासुदेव

ता. क. तुझे नेट चार दिवसांपासून बंद आहे, ते वाऱ्याने नव्हे. त्या दिवशी रागात मीच तुझा फाटा ओढला. रिताला मात्र माकडांनी ओढला असे सांगितले आहे. ती उद्या जोडून देईल.

आणखी एक. आज रविवार. सैन्यातल्या तुझ्या प्रफुल्लचा व्हिडिओ कॉल यायचा दिवस. त्याला माझा नंबर कळवला आहे, सहाला इकडेच फोन येईल. रंभावहिनींनाही आण. नातीचा व्हिडिओ मी अजून पाहिला नाही, नुसते घड्याळच पाहिले. तोही सोबतच पाहू. पण उशीर करू नको गा, फोन लागला की पोरगा आधी तुलाच शोधेल.