एका नावाच्या दोघी

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की लातूरच्या ज्या डाळ मिलमध्ये तुम्ही जन्म काढलात, तिथं आता तुमचं नाव सांगितलं तर कुणी ओळखत नाही. मी मध्ये जाऊन विचारून आले. तुमच्यावरचा माझा राग मात्र अजून ताजा आहे. तो जिवंत माणसांवर काढून काढून मी थकले, म्हणून आज तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही हयातीत कधी कुणाला धड उत्तर दिलं नाहीत, तेव्हा आताही काही अपेक्षा नाही. निवांत ऐका.

लग्नात तुम्ही आईचं नाव बदललंत. त्यात नवल काही नाही, सगळेच बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीनं नवं नाव लिहायचं, भोवतीच्या बायकांनी हसायचं. पण आईच्या ताटात जे नाव उमटलं ते तुमच्या पहिल्या बायकोचं होतं, वर्षभरापूर्वीच वारलेल्या बाईचं. आजी म्हणाली होती म्हणे, "घरची लक्ष्मी एकच, नाव बी एकच राहू द्या." आजीचं सोडा, जुनं माणूस. तांदळात बोट तुमचं फिरत होतं. वर त्या बाईची मूर्ती उमटवलेला चांदीचा टाक आईच्या गळ्यात बांधला. सणाला नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. मी लहानपणी विचारायचे, हे काय करतीस, तर आई म्हणायची, "ती मोठी हाय. तिचा मान पहिला." किनवटकडच्या खेड्यातून आलेली पोरसवदा बाई, आल्या दिवशी तिच्या मांडीवर तीन वर्षांचा दादा बसवलात. दादा त्या मोठीचा. पण मी जन्मले तरी आईनं त्याच्या ताटातलं तूप कधी कमी केलं नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, ऐकीव नाही.

त्या नावाचा तुम्हाला फायदाच झाला. रेशन कार्डात बायकोचं नाव बदलायचा हेलपाटा वाचला. बाई बदलली, नाव तेच, दुकानदाराला काय करायचंय? पाहुणे आले की तुम्ही हा किस्सा रंगवून सांगायचात आणि पाहुणे खो खो हसायचे. आई तिथंच स्टोव्हपाशी चहा गाळत असायची. तिच्याकडं बघायची तुम्हाला कधी गरज वाटली नाही. पुढं विम्याचा एजंट मिलमध्ये आला, वारसाचं नाव विचारलं, तेव्हा तुम्ही तेच रेशन कार्ड पुढं केलंत. त्यानं नाव उतरवून घेतलं. आईच्या आधार कार्डावर मात्र तिचं माहेरचं नाव आहे, कारण त्या रांगेत ती एकटी उभी होती आणि नाव तिचं तिनं सांगितलं.

तुम्ही गेल्यावर हे उघडं पडलं. विम्याच्या हपिसातला माणूस म्हणाला, या नावाची बाई आणा. आम्ही आईला पुढं केलं, तर दादानं त्याच्या आईचा मृत्यूचा दाखला टेबलावर ठेवला. या नावाची बाई कधीच वारली, तेव्हा पैसा सगळ्या वारसांत वाटा, असा अर्जच घेऊन आला होता. मी त्याला बाहेर पायऱ्यांवर गाठलं. म्हटलं, "मेलेल्या बाईला कुणी वारस लावतं का रे? अण्णांनी आईसाठीच काढला होता विमा." तो आईकडं वळून म्हणाला, "मावशी, वाईट नको वाटून घेऊ. ते नाव माझ्या आईचंय. अण्णांचा जीव तिच्यातच होता, तुला बी ठाव हाय." उभ्या जन्मात त्यानं तिला आई सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मावशी म्हणाला. आई नुसती म्हणाली, "हाव बाबा, नाव तिचंच हाय."

मी हट्टानं तिला नांदेडला वकिलाकडं नेलं. वकील म्हणाला, सोपं काम आहे. ही दोन्ही नावं माझीच, मी एकच बाई, एवढं प्रतिज्ञापत्र करून द्या, रेशन कार्ड जोडू, सगळी रक्कम तुमचीच. आई तेव्हा होस्टेलच्या भटारखान्यात भाकऱ्या थापायची. खांदे भरून यायचे, हात वर होत नसे. ते काम सुटेल एवढंच माझ्या डोक्यात होतं. कागद टाइप होऊन आला, वकिलानं वाचून दाखवला. आईनं पेन घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. "हे मी न्हाई लिहून देनार. मी ती न्हाई. जलमभर म्हनून घेतलं, आता सरकारी कागदावर न्हाई." वकील म्हणाला, "अहो बाई, नुसतं नाव आहे." आई म्हणाली, "नुसतंच हाय तर तुम्ही घ्या की."

मी तिच्यावर रस्त्यात ओरडले. एसटी स्टँडवर माणसं वळून बघत होती. पैशाचे तीन वाटे झाले. आईचा वाटा तिच्या खऱ्या नावानं आला आणि माझ्या वाट्यासकट घराच्या जुन्या उसनवारीत गेला. दादा तिला त्याच्या घरी न्यायला आला तेव्हा तिनं गळ्यातला टाक सोडून त्याच्या हातावर ठेवला. म्हणाली, "घे, तुझ्या आईला घिऊन जा." दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापायला गेली. अजून जाते.

पैशाचं मी गिळलं, अण्णा. दादाचं ते "अण्णांचा जीव तिच्यातच होता" गिळता येत नाही. कारण आठवून आठवून बघते तर तुम्ही आईला त्या नावानं एकदाही हाक मारलेली नाही. आजी मारायची, गल्ली मारायची. तुमचं आपलं "अगं", नाहीतर "ऐकू आलं का". आईपुढं शरम वाटायची म्हणून नाव घेत नव्हतात, की ते त्या पहिलीसाठी राखून ठेवलं होतं? गेल्या महिन्यात मी आईला हे विचारलं. ती तव्याकडं बघत म्हणाली, "मी बी लई वर्सं ह्योच इचार करून राहिले."

तेव्हा मी तिला सांगितलं की अण्णा माझ्याजवळ एकदा बोलले होते, शरम वाटायची म्हणून नाव घेत नव्हते. तिनं दोनदा विचारलं, खरंच म्हनले का. मी तुमची शपथ घेतली. तिनं मान हलवली आणि भाकरी उलटली. तुम्ही माझ्याशी असलं काही कधीच बोलला नव्हतात.