चार बोटं मोकळी

रिसाली सेक्टर, भिलाई
१९ एप्रिल १९८७, रविवार

प्रिय ताई,

जय भीम. आम्ही तिघंही बरे आहोत. तुझे गुडघे दुखतात हे नत्थूच्या कार्डावरून कळलं. इथे ऊन आतापासूनच तापलंय, कूलरची टाकी दिवसातून दोनदा भरावी लागते. यांची बदली टळली. रमा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, पुढच्या महिन्यात परीक्षा. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला.

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करते आहे. आधीचे दोन कागद चष्म्याच्या नंबरापर्यंत येऊन थांबले. मध्ये उठून मी चहा ठेवला आणि तो उतू गेला.

एक मागणं आहे. हे पत्र नत्थूकडून वाचून घेऊ नकोस. तो तुझा मुलगा आहे, चांगला आहे, पण हे त्याच्या आवाजात तुझ्या कानावर पडायला नको. तू चौथी शिकलीस. मी अक्षर मोठं काढते आहे. कितीही दिवस लागू देत.

तर बातमी अशी. इथल्या विहारात बुद्धमूर्तीच्या मागे लावायला पोलादी बोधिवृक्ष करायचं ठरलं. समितीचे बाबाराव प्लँटमधून निवृत्त झाले आणि कुम्हारीला त्यांनी छोटं वर्कशॉप टाकलं. त्यांनी कुठून तरी जुनं गॅस कटिंगचं मशीन आणलं आहे. त्याला डोळा आहे. टेबलावर शाईचं चित्र पसरायचं. तो डोळा कागदावर उजेडाचा ठिपका टाकतो, काळी रेषा धरतो आणि तिच्यावरून चालत राहतो. शेजारी लोखंडाच्या प्लेटवर आगीची बारीक जीभ अगदी तशीच चालते. जेवढं चित्र तेवढंच लोखंड कापलं जातं. माणसाने हात लावायचा नाही.

बाबाराव मला म्हणाले, "बाई, तुमी ड्रॉइंग ऑफिसातल्या. एक पिंपळाचं झाड काढून द्या. पन रेषा एकच पाहिजे, बुडापासून बुडापर्यंत. हात उचलला का मशीन बिचकते."

एका रेषेतलं झाड. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे कोण आलं असेल हे तुला सांगायला नको. मी मात्र बाबारावांना काही सांगितलं नाही. काढून देते म्हणाले.

चार दिवस स्वतः काढून पाहिलं. ताई, मी ट्रेसर आहे. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या रेघेवर शाई फिरवायची, हे वीस वर्षं करते आहे. त्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण माझ्या मनाने काढलेलं झाड पाण्याच्या पाइपलाइनच्या नकाशासारखं दिसलं. रमा म्हणाली, "आई, इसमें वॉल्व कहाँ है?" हसावं की चिडावं कळेना. पाचव्या दिवशी मी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि त्यातली गुंडाळी काढली.

ती गुंडाळी आहे हे तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नव्हतं.

सत्याहत्तर साली माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू चाळीस दिवस राहिलीस. मी पडून असायचे आणि तू समोरच्या भिंतीवर गेरूने झाड काढायचीस. आईची रीत. छप्पन साली नागपूरहून आल्यावर आईने भिंतीवरचं जुनं सगळं सारवून टाकलं आणि पिंपळ काढायला लागली, तोच तो पिंपळ. बुडापासून निघालेली रेषा प्रत्येक पानाला वळसा घालून, हात न उचलता, पुन्हा बुडाशी. आणि तिथे चार बोटं मोकळी. मी तेरा वर्षांची होते, विचारलंही नाही कधी. तुला मात्र विचारलं. म्हटलं, ताई, हे राहिलं.

तू म्हणालीस, "रायलं नाई, ठेवलं. घरचं मानूस बाहेर असलं का माय इथं जागा ठेवे. आलं का जोडे. आता मी जाईन ना गावाले, मंग मीच बाहेरची. पुढच्या खेपेले येऊन जोडीन."

हे तुझे शब्द त्या रात्री मी डायरीत जसेच्या तसे उतरवले होते, म्हणून आज लिहू शकले. नाहीतर मी ते सोयीने विसरलेच असते.

तू गेलीस तो शनिवार. रविवारी दिवसभर मी भिंतीवर ट्रेसिंग पेपर चिकटवून तुझी रेषा पेन्सिलीने उतरवून घेतली. कागद ऑफिसातल्या रोलचं उरलेलं टोक होतं, तेही न विचारता आणलेलं. टाक्यांची जागा ओढत होती तरी उभी राहिले. तुला वाटेल प्रेमाने. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. थोडं थांब, पुढे सांगते.

तर ती गुंडाळी मी काढली आणि शाई फिरवली. बुडाशी आले आणि माझा हात पुढे गेला. आमच्या ऑफिसात उघडी राहिलेली रेषा म्हणजे चूक. तपासणारा लाल पेन्सिलीने गोल करून कागद परत पाठवतो. वीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही उघडी रेषा गेली नाही. चार बोटं मी जोडून टाकली. जोडताना मनात काहीच आलं नाही, हेच मला आता खुपतं.

गेल्या रविवारी प्लेट कापली. मी मशीनपाशी उभी होते. डोळा तुझ्या रेषेवरून निघाला. वळणावर तो थोडा रेंगाळायचा, तूही रेंगाळायचीस. पानाच्या टोकाला तुझा हात किंचित थरथरला होता, तर ज्योतही तिथे थरथरली. मी नक्कल करताना ते सरळ केलं नव्हतं याचं मला बरं वाटलं. मशीन चालवणारा चंपत म्हणाला, "असं काम कदी केलं नाई बाई मी. आमी पाइपाचे फ्लँज काटनारे लोक." लोखंडात उजेडाची बारीक रेष उमटत चालली होती. प्लेटखालची ठिणग्यांची चमक त्या फटीतून वर दिसत होती. ते किती सुंदर होतं हे मला लिहिता येत नाही.

ज्योत बुडाशी पोचली. चार बोटंही कापली गेली. आणि अख्खं झाड प्लेटमधून सुटून खाली पडलं. एवढा आवाज झाला की बाबाराव ऑफिसातून धावत आले. वर राहिली भोक पडलेली प्लेट, खाली आडवं झाड.

चंपतने कागद उजेडात धरला. "बाई, पेन्सिल तं इथं थांबली हाय. शाई कावून पुढं गेली? चार बोटं सोडली असती तं झाड बुडाले धरून रायलं असतं. पडलंच नसतं."

मी म्हटलं, नजरचुकीने. बाबाराव म्हणाले, पडलं ते बरंच झालं, सुटं झाड उभं करू. चौदा तारखेला जयंतीच्या मांडवात त्यांनी ते काळा रंग देऊन उभं केलं. लोक जवळ येऊन हात लावून पाहत होते. माइकवरून सांगितलं की आपल्या जुन्या कलेला मशीनची जोड देणाऱ्या आपल्याच सत्यशीलाबाई. हार घातला. मी घालून घेतला.

रमा शेजारी उभी होती. तुझ्या त्या चाळीस दिवसांत ती आठ वर्षांची होती, तुझ्या गेरूच्या वाटीत बोटं बुडवायची. ती हळूच म्हणाली, "आई, ये तो मावशीवाला पेड़ है ना?" मी तिला गप्प बस म्हटलं. ती गप्प बसली. घरी आल्यावरही गप्पच. माझी मुलगी माझ्यासाठी खोटं धरून बसली आहे, आणि पाच दिवस झाले.

आता ते, ज्याच्यासाठी पत्र थांबत होतं.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये तू परत आलीस. पिशवीत गेरूची पुडी होती, मला दिसली. भिंत पांढरी होती. मी तुला सांगितलं की क्वार्टरला विभागाचे लोक चुना मारून गेले, आमचं काही चालत नाही. तू बरं म्हणालीस. चहा घेतलास आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने पॉवर हाऊस स्टेशनवरून निघून गेलीस. राहायला आली होतीस. त्यानंतर आठ वर्षं तू आली नाहीस, आणि मी नत्थूच्या कार्डांना उत्तरं देत राहिले.

ताई, विभागाचे लोक आपणहून आले नव्हते. आमची पाळी पुढच्या वर्षी होती. मी अर्ज दिला होता. भिंत खराब झाली आहे, लवकर चुना मारून मिळावा. तू गेल्यानंतरच्या सोमवारी दिला, म्हणजे नक्कल करून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. डायरीत त्या आठवड्यात एवढंच आहे: "भिंत झाली."

का, ते सांगते. ऑपरेशननंतर ऑफिसातल्या दोघी मला भेटायला आल्या होत्या. एक जण भिंत पाहून हसून म्हणाली, "गाँव की दीवार यहाँ उठा लाईं?" आणि मीही हसले. तू आत चहा करत होतीस. तू ऐकलंस की नाही, हे मी आजवर विचारू शकले नाही. एवढ्यासाठी तो अर्ज. नक्कल ठेवली म्हणजे पुसायला हरकत नाही, असं मी स्वतःला समजावलं. तुझी रेषा मला हवी होती, ताई, पण ट्रंकेत. चार माणसांत नको होती. आता तिच्यावर माझं नाव आलं, तर तीच रेषा मी मांडवात मिरवली.

काल संध्याकाळी मी कुम्हारीला जाऊन बाबारावांना चित्राचं सांगितलं. चुन्याचं नाही, ते फक्त तुला. त्यांनी टेबलावरचा स्क्रू उचलून डब्यात टाकला. मग म्हणाले, "माइकवरून सांगितलं, तं माइकवरूनच दुरुस्त करा लागंल. तुमाले जमंल?" मी हो म्हटलं. जमेल की नाही माहीत नाही. मग म्हणाले, "मंग त्यायलेच बोलवा. प्लेट हाय अजून एक."

बुद्धपौर्णिमा तेरा मेला आहे. प्लेट तीन तारखेच्या रविवारी कापायची. या वेळी तुझी रेषा तू जिथे सोडलीस तिथे सुटेल. झाड प्लेटला बुडाशी धरून राहील आणि मागच्या खिडकीचा उजेड रेषेतून येईल, असं चंपत म्हणतो. खाली नाव आईचं आणि तुझं असेल: भागाबाई आणि कांता. पण तुझा होकार नसेल तर मी प्लेट कापू देणार नाही, तसं बाबारावांशी बोलून ठेवलं आहे. मूर्तीमागे साधा पांढरा पडदा लागेल. तू नाही म्हणालीस तर ते मला समजेल. उत्तर दिलं नाहीस तर तेही.

गुंडाळी वेगळ्या रजिस्टर पार्सलने पाठवते आहे. ती तुझी आहे. मी प्रत ठेवलेली नाही. माझ्या धंद्यात हे कोणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. मी जोडलेली चार बोटं शाई मी ब्लेडने खरवडून काढली आहे. काळजीने काढली, तरी तिथे कागद पातळ झाला आहे. उजेडात धरलास तर दिसेल. ते मला लपवता येणार नाही.

भिंत अजून पांढरीच आहे. तिच्यापुढे टीव्हीचं टेबल होतं, ते आज सकाळी रमाने आणि मी सरकवलं. रमाने कारण विचारलं नाही. मीच सांगितलं, सगळं, चुन्यासकट. ती म्हणाली, "मावशीला लिही." एवढं मराठीत बोलली.

आता चहा पुन्हा ठेवते.

तुझी, अजून घराबाहेर असलेली,
शीला